रात्री दोनचा फोन : गांजाविषयी मुलांशी आणि घरच्यांशी बोलण्याची कृती

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा मित्राच्या गच्चीवर आहे. मित्र भिंतीला टेकून ओकतोय, छाती धडधडतेय म्हणतोय, 'मी मरणार' असं पुटपुटतोय. दोघांनी काहीतरी ओढलंय नाहीतर खाल्लंय. तुमच्या मुलाच्या हातात फोन आहे. तो कुणाला लावील?

बहुतेक घरांत खरं उत्तर असतं : दुसऱ्या मित्राला. घरच्यांना नाही, कारण घरी काय होईल हे त्याला पाठ असतं. पुढची सगळी कृती हे एक उत्तर बदलण्यासाठी आहे. 'गांजा वाईट असतो' हे मुलांना सांगायला सभा लागत नाही, ते त्यांना ठाऊक असतं. वेळ आली की मोठ्यांशी बोलता येईल, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं.

ही कृती सोसायटी, शाळा, वाचनालय किंवा गणेश मंडळ यांना करता येण्याजोगी आहे. मुलं १३ ते १८ वयाची, पंधरा ते वीस कुटुंबं, तीन बैठका आणि एकूण सहा आठवडे असा हिशेब धरा.

साहित्य

- फळा आणि खडू
- वर फट पाडलेला एक बंद खोका
- सारख्या आकाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या आणि सारखी पेनं (अक्षरावरून किंवा शाईवरून कुणी ओळखू नये म्हणून)
- मदतीचे क्रमांक छापलेला खिशात मावेल असा कागद, प्रत्येकाला एक
- जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वेळ आणि वार, आधी स्वतः जाऊन विचारलेले
- मुलं ज्याच्याशी मोकळी बोलतात असा एक मोठा माणूस. हा शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

नको असलेलं साहित्यही सांगतो : कवटीचं चित्र, जळक्या फुप्फुसांची चित्रफीत, चिलीम-कागदाचं प्रदर्शन. भीतीने मुलं तासभर गप्प बसतात आणि बाहेर पडल्यावर हसतात. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचं व्याख्यानही वेगळ्या दिवशी ठेवा. त्यांच्यासमोर कुणी प्रश्न विचारणार नाही.

पायरी १ : आधी आपला पाठ पक्का करा

झाड एकच. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. नशा येते ती त्यातल्या टीएचसी नावाच्या द्रव्यामुळे. ओढलं तर काही मिनिटांत चढतं आणि साधारण दोन ते चार तासांत उतरतं. पोटात गेलं तर चढायलाच अर्धा ते दोन तास लागतात आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. होळीला भांग 'लागते' ती याच अंतरामुळे. पहिल्या पेल्याने काही झालं नाही म्हणून दुसरा घेतला जातो, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

किशोरवयाचा मुद्दा वेगळा आहे. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. टीएचसीचा परिणाम स्मरण आणि लक्ष यांच्या यंत्रणेवर होतो. म्हणून चाळिशीतल्या माणसाला जे झेपतं ते पंधराव्या वर्षी झेपेलच असं नाही. गांजा घेऊन पाहणाऱ्यांपैकी ढोबळ मानाने दहात एकाला त्याची सवय जडते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहात एकाच्या आसपास जातं. लहान वयात, रोज आणि तीव्र माल ओढणाऱ्यांना भास-संशय असलेल्या मानसिक आजाराचा धोका वाढतो. घराण्यात तसा आजार असेल तर आणखी जास्त.

याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायची. घेऊन पाहणारे बहुतेकजण व्यसनी होत नाहीत. निव्वळ गांजाच्या अतिसेवनाने मृत्यू अत्यंत विरळा. हे कबूल करायला कचरू नका. 'एक झुरका आणि आयुष्य संपलं' असं तुम्ही म्हणालात आणि वर्गात ज्याने झुरका मारलाय तो समोर धडधाकट बसलेला असला, तर तुमचं पुढचं खरं बोलणंही वाया जातं.

पायरी २ : मोठ्यांची बैठक, मुलांशिवाय (सव्वा तास)

बोलावताना 'पालक' शब्दाचा अर्थ रुंद ठेवा. आजी, मामा, सोबत राहणारी मावशी, वसतिगृहाचे रेक्टर, क्लाससाठी लातूरला किंवा पुण्याला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या घरमालकीणबाई, मेसच्या काकू, सगळ्यांना बोलवा. कितीतरी मुलांना रोज पाहणारी माणसं हीच असतात.

अ) चिठ्ठ्या वाटा. नाव न घालता लिहायला सांगा : 'मुलाच्या दप्तरात पुडी सापडली तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल?' चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचा. 'हेच बघायला तुला वाढवला का', 'कुणी शिकवलं, त्याच पोरानं ना', 'थांब, बाबांना येऊ दे' अशी वाक्यं येतील. आधी हशा पिकेल, मग शांतता होईल. त्या शांततेत एकच विचारा : हे ऐकल्यावर मूल पुढचं एकही वाक्य खरं बोलेल का?

आ) मग घरातलं घरात पाहा. ओट्यावर बसून तंबाखू मळणारे आजोबा, शनिवारची 'बसू या का', धुळवडीच्या ठंडाईवर मोठ्यांचं डोळे मिचकावणं, हे सगळं मुलांनी पाहिलेलं असतं. 'तुमचं काय?' हा प्रश्न येणारच. खोटं बोलू नका, फुशारकीही मारू नका. 'कॉलेजात मी ओढलाय. तेव्हा तुझ्यापेक्षा मोठा होतो, तरी आता वाटतं की नसता ओढला तर बरं झालं असतं', एवढं पुरे.

इ) लक्षणांचा तक्ता लिहा, पण सावधपणे. लाल डोळे, कपड्यांना वास, अवेळी भूक, जास्त झोप यांपैकी एकट्या कशानेही काही सिद्ध होत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा अकरापर्यंत झोपतो, कारण तो पंधरा वर्षांचा आहे. पाहायचा असतो तो काही आठवडे टिकलेला बदल : जुने मित्र सुटले, आवडीचा खेळ सुटला, हजेरी घसरली, पैशांचा हिशेब जुळेना. असं सगळं एकत्र दिसलं तरी कारण गांजाच असेल असं नाही. उदासी, छळ, प्रेमभंग, परीक्षेची धास्तीही असू शकते. म्हणून प्रश्न 'ओढतोस का?' असा नको, 'बरं चाललंय ना तुझं?' असा हवा.

ई) लघवीची तपासणी गुपचूप करू नका. अधूनमधून घेणाऱ्याच्या लघवीत अंश काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या काही आठवडे राहतात, त्यामुळे कधी घेतलं ते कळत नाही. मुलाला मात्र एवढं नक्की कळतं की घरात पाळत आहे.

उ) शेवटी प्रत्येक घराने दोन वाक्यं ठरवून न्यायची. पहिलं नियमाचं : 'आपल्या घरात हे चालणार नाही, तू मोठा होत असताना तर नाहीच.' दुसरं वचनाचं : 'पण अडचणीत फोन केलास तर मी आधी न्यायला येईन, बोलणं दुसऱ्या दिवशी.' नियमाशिवाय वचन दिलं तर मोकळं रान मिळतं. नुसत्या नियमाने मात्र मूल फोन लपवायला शिकतं.

पायरी ३ : चिठ्ठ्यांचा खोका (एक आठवडा)

मुलांच्या सत्राच्या आठवडाभर आधी खोका जिन्याखाली किंवा वाचनालयात ठेवा. कॅमेऱ्यासमोर ठेवू नका. 'गांजा, वीड, भांग, काहीही विचारा, नाव नको.' आदल्या दिवशी खोका उघडा आणि सारखे प्रश्न एकत्र करा. थट्टेचे प्रश्नही ठेवा, थट्टेआडच खरा प्रश्न लपलेला असतो. 'माझा एक मित्र आहे, त्याला…' अशी सुरुवात असेल तर 'मित्र कोण' हे कधीही विचारू नका.

पायरी ४ : मुलांचं सत्र (दीड तास)

*पहिली दहा मिनिटं, करार.* इथे बोललेलं इथेच राहील, घरी सांगितलं जाणार नाही. अपवाद दोनच : कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी मुलाकडून पुड्या पोचवण्याचं काम करवून घेत असेल. अपवाद आधीच सांगा. नंतर सांगितलेला अपवाद मुलांना दगा वाटतो.

*पुढची वीस मिनिटं, आकड्यांचा खेळ.* विचारा : 'देशातल्या १० ते ७५ वयाच्या शंभर माणसांपैकी किती जणांनी वर्षभरात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेतलं असेल?' फळ्यावर अंदाज लिहा. ३०, ५०, 'सगळेच' असे आकडे येतील. मग उत्तर द्या : केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण २.८ टक्के निघालं. भांग वगळून फक्त गांजा-चरस धरला तर सव्वा टक्क्याच्या आसपास. 'सगळेच घेतात' हा समज न घेणाऱ्याला एकटं पाडतो, आणि फळ्यावर अंदाज आणि उत्तर शेजारी शेजारी दिसले की तो सैल होतो. एखाद्या कट्ट्यावर प्रमाण जास्त असेल, हेही मान्य करा. तो कट्टा म्हणजे देश नव्हे, एवढंच म्हणायचं.

*पंचवीस मिनिटं, खोक्यातले प्रश्न* (पायरी ५). *वीस मिनिटं, तालीम* (पायरी ६). *उरलेला वेळ, अडचणीत काय करायचं* (पायरी ७).

पुन्हा उभा राहिलेला माजी व्यसनी आणायचा का, असं अनेकजण विचारतात. आणायचा तर या सत्रात नको, नंतर वेगळ्या दिवशी आणा. रंगवून सांगितलेल्या पडझडीतून मुलं कधी कधी भलताच निष्कर्ष काढतात : 'बघ, इतकं करूनही माणूस नीट होतो.'

पायरी ५ : हमखास येणारे प्रश्न

*'झाडच आहे ना, नैसर्गिक?'* धोतराही झाडच आहे. शिवाय हातात येणारी पुडी झाडावरून थेट येत नाही. तीव्रता किती, त्यात काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यातही जॉइंटमध्ये बहुतेकदा तंबाखू मिसळलेली असते, म्हणजे निकोटिनची सवय फुकटात.

*'शंकराचा प्रसाद मग?'* श्रद्धेवर वाद घालू नका. एवढंच म्हणा : महाशिवरात्रीला वर्षातून एकदा मोठ्यांनी घेतलेली भांग आणि नववीतल्या मुलाने रोज क्लासनंतर मारलेले झुरके यांत झाड सोडून काहीच सारखं नाही.

*'परदेशात कायदेशीर आहे.'* आहे, कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून. पण तिथेही प्रांतानुसार वयाची अट १८ किंवा १९ आहे, क्वेबेकमध्ये २१. मोकळीक देणाऱ्या देशानेही लहानांना दूर ठेवलंय. आणि तिथे शिकायला जाणाऱ्या ताई-दादांनी येताना बॅगेत आणला तर तो सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना गुन्हा आहे.

*'औषध आहे म्हणतात.'* याच झाडातल्या सीबीडी या घटकाच्या एका औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, मुलांमधल्या दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारासाठी. सीबीडीने नशा येत नाही. मोजलेली मात्रा डॉक्टरने दिली तर ते औषध, पुडीला तो नियम लागू होत नाही.

*'एक किलोपर्यंत चालतं ना?'* हा गैरसमज फार पसरलाय. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आहे, पण त्याचा अर्थ परवानगी असा नाही, शिक्षा कमी असा आहे : एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं सेवन हाही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत. पानं-बिया या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेला राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. लहान मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पुडी पोचवायला पोरांना पाठवणारा 'दादा' हे जाणून असतो, पोरांना ते माहीत नसतं. म्हणून सांगा.

*'टेन्शन कमी होतं, झोप लागते.'* हे खोडू नका. काही तास तसं वाटतं, म्हणूनच लोक घेतात. पण रोज घेणाऱ्याला मग त्याच्याविना झोप येत नाही, आणि टेन्शन ज्याचं होतं ते सकाळी तिथेच असतं. ज्या मुलाने हा प्रश्न लिहिला त्याला उत्तर कमी आणि माणूस जास्त हवा आहे. सत्रानंतर थोडा वेळ तिथेच रेंगाळा.

पायरी ६ : 'नको' म्हणायची तालीम

दोघादोघांच्या जोड्या करा. एक आग्रह करेल, एक टाळेल. भाषणं नकोत, कट्ट्यावर शोभतील अशी वाक्यं मुलांनाच शोधू द्या. 'उद्या मॅच आहे', 'मला सूट होत नाही', 'गाडी चालवायचीय', 'नको रे, तुम्ही चालू ठेवा.' आग्रह करणाऱ्याला तीनदा विचारायला सांगा, कारण खरा आग्रह तीनदाच होतो. मग उलट करा : मित्र नको म्हणाला तर त्याची टर न उडवता गप्प कसं बसायचं, याचीही तालीम घ्या. हा दुसरा भाग सहसा कुणी शिकवत नाही.

पायरी ७ : जास्त झालं तर

हे फळ्यावर लिहा आणि मुलांकडून म्हणवून घ्या.

१. एकटं सोडायचं नाही. 'झोपू दे, उतरेल' म्हणून दार लावून निघून जायचं नाही.
२. घाबरला असेल तर शांत जागी बसवा आणि हळू आवाजात सांगत राहा : 'हे उतरणार आहे, मी इथेच आहे.'
३. गुंगीत असेल किंवा ओकत असेल तर कुशीवर झोपवा. मुद्दाम ओकारी काढू नका. शुद्ध नसताना तोंडात पाणी, लिंबू, लोणचं काही घालू नका.
४. दुचाकीवर बसू देऊ नका, पुढेही नाही, मागेही नाही.
५. हलवूनही उठत नाही, श्वास अडतो, छातीत दुखतं, झटका आला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, किंवा भांगेचा पदार्थ चुकून लहान भावंडाने खाल्लाय, तर लगेच १०८ ला फोन. डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा. त्यावरच उपचार ठरतात.
६. पहिल्या पाच मिनिटांतच घरच्या मोठ्या माणसाला फोन.

सहावा मुद्दा वाचताना वर्ग गप्प होईल. तिथे थांबा, पुढे ढकलू नका.

पायरी ८ : घरात सापडलंच तर

हा भाग छापून मोठ्यांना द्या.

*त्या रात्री :* मूल नशेत असेल तर चौकशी करू नका. ते सुरक्षित आहे ना एवढंच पाहा. नशेतल्या माणसाशी झालेलं भांडण फक्त शुद्धीवरच्या माणसाच्या लक्षात राहतं.

*दुसऱ्या दिवशी :* एकट्याशी, चालता चालता किंवा गाडीत, डोळ्यांत डोळे न घालता बोला. पहिलं वाक्य : 'मला पुडी सापडली. मी घाबरलेय. तू सांग, मी ऐकते.' मग महत्त्वाचा प्रश्न : 'त्यातून तुला काय मिळतं?' उत्तर 'मजा' असेल तर गोष्ट वेगळी, 'काहीच वाटेनासं होतं' असेल तर वेगळी. दुसरं उत्तर मिळालं तर गांजा बाजूला ठेवा आणि काय वाटेनासं व्हायला हवंय ते शोधा.

*टाळायचं :* मारणं, कोंडणं, शाळेत जाहीर करणं, नातेवाइकांची बैठक बोलावणं, 'गंजेडी' म्हणणं. चिकटवलेलं नाव सवयीपेक्षाही उशिरा सुटतं.

*परिणाम ठेवायचाच :* पण आधी सांगितलेला, थोडक्या दिवसांचा आणि पाळता येईल असा. महिनाभर फोन जप्त म्हणून तिसऱ्या दिवशी परत दिलात तर नियम तुम्हीच मोडलात.

पायरी ९ : मदतीचा कागद

खिशातल्या कागदावर हे छापा :

- १४४१६ : टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास, मराठीतही
- १४४४६ : राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी
- १०९८ : संकटातल्या मुलांसाठी
- १९३३ : अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी
- १०८ : रुग्णवाहिका

रोज घेणाऱ्या मुलाने सोडलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणं, चित्रविचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिला आठवडा कठीण जातो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. घरच्यांना हे आधी माहीत असलं तर 'सोडलं तरी उद्धटच' असा उलटा अर्थ लावला जात नाही. गांजा सोडवणारी खास गोळी नाही. उपचारात मोठा वाटा समुपदेशनाचा आणि घराचा असतो. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं तेव्हा गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, साथ होती. नशेचे पदार्थ तेव्हापासून बदलत गेले, पण घराला सोबत घेण्याला पर्याय मिळालेला नाही.

'डॉक्टरकडे नेलं तर पोलीस येतील' ही भीतीही काढा. एनडीपीएस कायद्याच्या ६४ अ कलमानुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं.

पायरी १० : एकत्र बैठक (सहाव्या आठवड्यात)

या बैठकीत व्याख्यान नाही. प्रत्येक घराने आपली दोन वाक्यं, नियमाचं आणि वचनाचं, मुलासमोर म्हणायची. म्हणताना काहीजणांचा आवाज चिरकेल. चिरकू द्या.

मग मुलांना चिठ्ठ्या द्या : 'रात्री दोन वाजता फोन करता येईल अशा दोन मोठ्या माणसांची नावं.' ही चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही, फोनमागे खोचून ठेवायची. मोठ्यांनी मागायची नाही, 'माझं लिहिलंस ना?' असं विचारायचंही नाही. तिच्यावर तुमच्याऐवजी मामाचं, मेसच्या काकूंचं किंवा शेजारच्या दादाचं नाव असेल तर कृती फसली असं समजू नका. दोन ओळी कोऱ्या राहिल्या असत्या तर मात्र फसली असती.

तुमचं नाव आहे की नाही, हे तुम्हाला कदाचित कधीच कळणार नाही. म्हणून रात्री फोन म्यूट करून झोपू नका.